आक्काचं बॅटरीवालं सोलर

आक्का गेली तेव्हा घरात लाईट होती.

हे मुद्दाम लिहितोय. कारण लाईट जाईल आणि मशीन बंद पडून मी जाईन, एवढीच भीती तिला होती. मरणाची नव्हती.

आज वर्ष झालं.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. येडगावात दिलेली. आयुष्यभर अंगणवाडीत काम केलं. रिटायर झाली आणि वर्षभरात दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कडक होत चाललीत, आता घरी ऑक्सिजनचं मशीन लागणार.

मशीन आलं. नाकात नळी आली.

मशीन विजेवर चालतं. आणि आमच्याकडची वीज तुम्हाला माहीत आहे.

एका गुरुवारी सकाळी अकराला लाईट गेली. घरी ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आला, म्हणून दाजी दुसरा आणायला नारायणगावला गेले. परत आले तेव्हा आक्काचे ओठ निळे पडले होते.

त्या दिवशी ती वाचली. श्वास थाऱ्यावर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते हे.

"सोलर बसवायचं."

नारायणगावचा एक सोलरवाला घरी आला. पोरगा चांगला होता. छप्पर मोजलं, सबसिडी समजावली, बिल कसं झिरो होईल ते सांगितलं. आक्काने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"लाईट गेल्यावर चालंल का?"

"नाय मावशी. लाईट गेली की हे बी आपोआप बंद होतं. नायतर आपली वीज लाईनमधे जाऊन खांबावरच्या वायरमनला शॉक बसंल."

"म्हंजी ऊन पडलंय, पॅनल वर हायेत, आन् मशीन बंद?"

"चालू ठेवायचं तर बॅटरीवालं घ्यावं लागंल. ते लई महाग पडतं. सबसिडी पॅनलला हाय, बॅटरीला नाय."

खरं सांगतो, मला हे माहीत नव्हतं. चाकणला कंपनीत मेंटेनन्सला आहे मी, तरी माहीत नव्हतं.

त्याने बॅटरीसकट पाच किलोवॅटचं कोटेशन दिलं. साडेचार लाखाच्या पुढे.



मग मी बोलू नये ते बोललो. "आक्का, डॉक्टर काय म्हणालेत तुला माहितीये. किती दिवसांसाठी एवढा खर्च करायचा?"

ती चिडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवढे हायेत तेवढ्यांसाठी. ते काय भीत भीत काढू?"

दुसऱ्या दिवशी तिने वही घेतली. नाकात नळी तशीच. दाजींना घरभर फिरवलं आणि प्रत्येक वस्तूच्या मागच्या स्टिकरवरचे वॅट वाचायला लावले. मशीन, पंखा, फ्रिज, मिक्सर, टीव्ही, पाण्याची मोटर.

मग एकेक खोडत गेली. शेवटी बॅटरीवर तीनच गोष्टी राहिल्या. मशीन, एक पंखा, एक बल्ब.

"फ्रिज न्हाई?" दाजींनी विचारलं.

"भाजी नासली तर परत करता येती."

ती वही घेऊन मी आणि दाजी जुन्नरला गेलो, मंचरला गेलो. पाच किलोवॅटचं दोनवर आलं. खर्च अडीच लाखाच्या आत आला. तेवढे तिच्याकडे होते. रिटायर होताना मिळालेले, काशीला जायला ठेवलेले.

दाजी म्हणाले, "काशीचं?"

"तुमी जाऊन या माझ्या वाटचं."

पॅनल बसले. सोलर चालू करायला लागणाऱ्या मीटरचा अर्ज मात्र वीज कंपनीच्या ऑफिसात अडकला. आक्का दर सोमवारी फोन करायची.

"साहेब, मी येडगाववरून बोलतीय. अजून हाय मी. मीटरचं काय झालं?"

तिसऱ्या महिन्यात साहेब स्वतः मीटर घेऊन आले. चहा घेतला. जाताना तिच्या पाया पडले.

मे महिन्यात वादळ झालं. खांब आडवे झाले, दोन दिवस गावात लाईट नव्हती. मी चाकणवरून फोन लावला.

"मशीन चालू हाय," आक्का म्हणाली. "तू जेवलास का?"

त्या दोन दिवसांत अर्धी आळी तिच्या ओट्यावर मोबाईल चार्ज करून गेली. मिक्सर घेऊन आलेल्या एका बाईला तिने परत पाठवलं.

नंतर बायका खर्च विचारायला यायच्या. आक्का वही उघडून बसायची. "तुझ्या घरात आजारी कुणी न्हाई ना? मग साधं घे, बॅटरीत पैसं घालू नको." तिच्या सांगण्यावरून साधं बसवलेली घरं आज गावात आहेत.

बसवल्यापासून चौदा महिने जगली ती. त्यात नात शाळेत जाताना पाहिली, दोन दिवाळ्या केल्या, माझ्याशी भांडलीसुद्धा.

एका सकाळी चहा पिऊन आडवी झाली ती उठलीच नाही. आजाराने गेली. दाजींनी मशीन बंद केलं, नळी गुंडाळून ठेवली आणि मला फोन केला.

आक्का, किती दिवसांसाठी, असं मी विचारलं होतं. ते वाक्य मी तुझ्यासमोर कधी मागे घेतलं नाही. आज सगळ्यांसमोर घेतो.

दाजी आणि मी आता सुट्टीच्या दिवशी लोकांसोबत सोलरवाल्याकडे जातो. मागच्या आठवड्यात मढ गावावरून एका मुलीचा फोन आला. तिच्या वडलांना मशीन लागलंय, आणि तिकडे पावसाळ्यात लाईट दिवसदिवस नसते. या रविवारी तिच्याकडे जातोय. तिला काय घ्यायचं आणि काय नाही ते सांगू, कोटेशन कमी करून घेऊ. बसेपर्यंत मागे लागू.

कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर मला मेसेज करा. येऊ आम्ही.

आक्का, तुला साष्टांग नमस्कार.

तुझा धाकटा,
संजू