फुगवलेले गाल

दरवर्षी शहिदांच्या स्मृतिदिनाच्या सकाळी व्हर्जिल सेडलाचेक आरशासमोर उभा राहून गाल फुगवून बघायचा. दाढी झाली, माजी सैनिकांच्या पथकाची निळी टोपी डोक्यावर बसली, की शेवटचं काम हे. गाल फार फुगवले तर बेडकासारखे दिसतात आणि कमी फुगवले तर बघणाऱ्याला संशय येतो. इतक्या वर्षांत त्याला याचा नेमका अंदाज आला होता. मानेवरची शीरही हवी तेव्हा ताठ व्हायची. मार्लीन, त्याची बायको, हयात होती तोवर न्हाणीघराच्या दारातून हे बघायची आणि कॉफी ओतायला निघून जायची. एकदाच ती म्हणाली होती, "लिबीला सांगून टाक. तिला वाईट वाटेल, पण तू सुटशील." त्यानं सांगितलं नाही, आणि पुढं मार्लीनही गेली.

नेब्रास्कातल्या आमच्या या टाबोर क्रीकमध्ये व्हर्जिलनं सारा जन्म धान्याच्या कोठारावर काढला. मक्याचे ट्रक काट्यावर घ्यायचे, मूठभर दाणे काढून ओल तपासायची, शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या. सैन्यात तो दोन वर्षं होता, तीही जर्मनीत, भटारखान्यात. एक गोळी कधी झाडली नाही. पण शनिवारी संध्याकाळी लग्नाच्या हॉलमध्ये तो ट्रम्पेट हातात घेऊन उभा राहिला की हा काट्यावरचा व्हर्जिल नव्हेच असं वाटायचं. पोल्का सुरू झाला की काठी टेकत आलेल्या आज्यासुद्धा काठी भिंतीला लावून नाचायला उठत.

साठीच्या जवळ येता येता त्याच्या हिरड्यांनी दगा दिला आणि ओमाहाच्या डॉक्टरनं सगळे दात काढून कवळी दिली. कवळीनं जेवता येतं, बोलता येतं. ट्रम्पेट वाजवता येत नाही. वाद्याचा सारा रेटा वरच्या ओठामागच्या दातांवर येतो, आणि तिथं आता गुलाबी प्लास्टिक होतं. पहिल्यांदा फुंकलं तेव्हा कवळीच निसटून जिभेवर आली. व्हर्जिलनं हे कुणाला कळू दिलं नाही. कंटाळा आला, आता तरुणांनी वाजवावं, असं सांगून त्यानं ट्रम्पेट पलंगाखाली सरकवलं. लोकांनी मान डोलावली. त्याला ती मान डोलावणी आवडली.

डेनिस वोंद्रा, सगळ्यांचा डेनी, त्याआधीचा त्याचा शिष्य. लिबी वोंद्राचा एकुलता एक मुलगा. चार हिवाळे दर गुरुवारी तो व्हर्जिलच्या गॅरेजमध्ये शिकायला यायचा. कान चांगला, धीर कमी. वरच्या सुरावर हमखास फाटायचा आणि मास्तरानं तोंड उघडायच्या आत स्वतःच हसत सुटायचा. पुढं तो सैन्यात गेला आणि त्याला इराकला धाडलं. तिथं एका घराची झडती घेताना चौघे एका खोलीत असताना खिडकीतून हातबॉम्ब आत पडला. डेनी दाराजवळ होता. एक पाऊल मागं घेतलं असतं तर तो बाहेर होता. त्यानं पाऊल पुढं टाकलं आणि बॉम्बवर पालथा पडला. बाकीचे तिघं घरी परत आले.

लिबीचा फोन आला तेव्हा व्हर्जिल जेवत होता. ती म्हणाली, टेकडीवरच्या दफनभूमीत निरोपाची धून तुम्हीच वाजवा, त्याला दुसऱ्या कुणाची चालणार नाही. व्हर्जिल हो म्हणून गेला. आपल्या तोंडात काय आहे याची आठवण त्याला फोन ठेवल्यावर झाली.

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. परत फोन फिरवायला किती वेळ लागतो? पण पथकाचा म्होरक्या एल्मर काउफमन यानं त्याला हॉलमध्ये नेऊन एक नवी वस्तू दाखवली. बिगुल वाजवणारे आता कुठंच उरले नाहीत म्हणून पथकांना असे बिगुल मिळू लागले होते. दिसायला अस्सल पितळी, पण पुढच्या रुंद तोंडात एक छोटा भोंगा बसवलेला. कळ दाबायची, मनाशी पाच आकडे म्हणायचे, बिगुल ओठांना लावायचा आणि स्तब्ध उभं राहायचं. आत सैन्याच्या कुठल्याशा वादकानं वाजवलेली धून भरलेली होती.

"एकदाच तर करायचंय," एल्मर म्हणाला. "त्या बाईला आज खरं-खोटं तपासायचं नाहीये."

टेकडीवर वारा होता. व्हर्जिलनं कळ दाबली, पाच म्हटले, गाल फुगवले. सूर इतके स्वच्छ आले की लांब रस्त्यावर थांबलेल्या माणसांनीही टोप्या काढल्या. शेवटी लिबी त्याच्यापाशी आली, घडी घातलेला झेंडा एका हाताशी धरून दुसऱ्या हातानं तिनं त्याचा हात घेतला. "त्यानं ऐकलं असेल," ती म्हणाली. व्हर्जिलनं मान खाली घातली. बघणाऱ्यांना ते दुःख वाटलं.

मग ते एकदाच राहिलं नाही. दर मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सगळं गाव टेकडीवर जमतं. कॉफीच्या डब्यांना चांदीचा कागद गुंडाळून त्यात पिओनीची फुलं ठेवतात, नावं वाचली जातात, बंदुकांच्या तीन फैरी झडतात आणि व्हर्जिल वाजवतो. त्या दिवशी लिबी पहाटे उठून खसखस भरलेले कोलाची नावाचे गोड पाव भाजायची आणि कार्यक्रम झाला की फडक्यात बांधलेला तो गरम डबा व्हर्जिलच्या हातात द्यायची. दुसऱ्या कुणाला नाही. घरी येऊन मार्लीन एक खायची, व्हर्जिल एकही नाही. पथकातले म्हातारे सोडले तर गावात कुणाला काही माहीत नव्हतं, आणि ते म्हातारे हॉलमध्ये बिअर पिताना त्याची टर उडवायचे. मास्तर, यंदा सेल नवे घातलेत ना. मास्तर, श्वास घ्यायला विसरू नका, मागच्या वर्षी तुम्ही मेल्यासारखे दिसत होता. एका वर्षी तर त्यानं धून संपायच्या आधीच बिगुल खाली आणला. शेवटचे दोन सूर त्याच्या मांडीपाशी वाजले. सगळ्यांचे डोळे ओले होते म्हणून वाचला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

डेनीला जाऊन वीस वर्षं झाली त्या वर्षी राऊल अल्वाराडो गावात आला. त्या खोलीतल्या तिघांपैकी एक. टेक्सासहून एकटाच गाडी हाकत आला होता. जाडसर, केस पिकू लागलेले, डाव्या कानानं ऐकू कमी यायचं म्हणून बोलताना उजवा खांदा पुढं करायचा. रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये त्याच्यासाठी जेवण होतं. डुकराचं मांस, डंपलिंग, आंबट कोबी. लिबी त्याच्या शेजारी बसली होती, व्हर्जिल समोर.

राऊलनं बॉम्बची गोष्ट सांगितली नाही. कुणी विचारलीही नाही. तो सांगत राहिला ते डेनीच्या खोड्या. डेनी गाडीत बसल्या बसल्या ओठांनीच ट्रम्पेट वाजवायचा, वैताग आणायचा, वर पुन्हा म्हणायचा की हे काहीच नाही, आमच्या गावी एक म्हातारा आहे, तो वाजवतो तेव्हा गाई चरायच्या थांबतात.

"आम्ही विचारायचो, गाईंना बिचाऱ्यांना पर्याय काय असतो?" राऊल म्हणाला, आणि सगळे हसले. मग तो व्हर्जिलकडं वळला. "तो म्हणायचा, मी मेलो तर रडू नका, व्हर्जिल माझ्यासाठी वाजवणार आहे. सर, मी दफनाच्या वेळी जर्मनीत इस्पितळात होतो. ते ऐकायला मी आता आलोय."

एल्मरनं डंपलिंगमध्ये काटा खुपसला आणि वर बघितलंच नाही. लिबीनं टेबलावरून हात पुढं करून व्हर्जिलच्या मनगटावर ठेवला, अभिमानानं, जसा आपल्या माणसावर ठेवतात. व्हर्जिलला वाटलं, तो हात तिनं उचलावा. एका पोरानं बॉम्ब दिसल्यावर विचार करायला क्षणभर घेतला नाही, आणि आपल्याला एक वाक्य बोलायला वीस वर्षं पुरली नाहीत. त्यानं फक्त कोबी वाढून घेतला.

सकाळी त्यानं आरशात बघून गाल फुगवले नाहीत. गॅरेजमध्ये जाऊन त्यानं बिगुलातला भोंगा काढला आणि तो ट्रकच्या कप्प्यात ठेवला. मग दार लावून घेऊन फुंकून बघितलं. हंसाचं पिल्लू पायाखाली आल्यासारखा आवाज निघाला. कवळीला चिकट पूड जास्त लावून पुन्हा फुंकलं. तीन-चार सूर आले, ओळखू येतील असे. एवढ्यावर तो टेकडीवर गेला.

नावं वाचून झाली. फैरी झडल्या. व्हर्जिलनं बिगुल ओठांना लावला आणि खरोखरच फुंकला.

पहिले सूर आले. थरथरते, पण आले. मग धून वर चढते तिथं तो फाटला. नुसती हवा गेली. ओठ सरकला, कवळी हलली, त्यानं ती जिभेनं दाबून धरली आणि खालच्या सुरावरून पुन्हा सुरुवात केली. मागून एल्मर दातओठ खात पुटपुटत होता, "कळ, अरे कळ दाब." लोक आधी दचकले, मग बुटांकडं बघू लागले. एका बाईनं नवऱ्याचा दंड धरला. व्हर्जिलला हे सगळं दिसत होतं आणि थांबता येत नव्हतं, कारण अर्ध्यावर थांबणं त्याहून वाईट झालं असतं. शेवटचा सूर लांब धरायचा असतो. तो त्याला धरता आला नाही. तो नुसता विझला.

लिबी आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेला डबा होता. राऊल तिच्या मागं उभा होता. तिनं विचारलं, "बरं नाही का वाटत तुम्हाला? बसायचंय का?"

"बरा आहे," व्हर्जिल म्हणाला. "लिबी, आज मी पहिल्यांदा वाजवलं."

तिला कळलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं, कवळी, भोंगा, कळ, पाच आकडे. सांगायला फार वेळ लागला नाही. तेही त्याला लाजिरवाणं वाटलं.

"म्हणजे त्या दिवशी," ती सावकाश म्हणाली, "माझ्या पोराला निरोप दिला तो कुणी?"

"यंत्रानं."

"आणि तुम्ही?"

"मी गाल फुगवले."

लिबीनं त्याच्याकडं बघितलं. वीस वर्षांपूर्वी तिनं धरलेला हात त्यानं आपोआप पाठीमागं नेला. ती वळली, गाडीपर्यंत गेली, डबा मागच्या सीटवर ठेवला आणि निघून गेली.

राऊल तिथंच राहिला. तो थडग्यावरच्या नावाकडं बघत होता. "त्या वरच्या सुराला डेनी असाच फाटायचा," तो म्हणाला. हे बरं म्हणून सांगितलं की वाईट म्हणून, ते व्हर्जिलला समजलं नाही, आणि विचारायचं धैर्य नव्हतं.

बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली. कॅफेत व्हर्जिल शिरला की बोलणी थांबत. कुणी दुष्टपणे काही बोललं नाही. एकानं त्याच्या कॉफीचे पैसेही दिले, आणि ते त्याला टोमण्यापेक्षा जास्त झोंबलं. त्यानं कॅफेत जाणं सोडलं. बिगुल आणि भोंगा दोन्ही एल्मरकडं नेऊन दिले. एल्मर म्हणाला, बाबा रे, तुला गप्प बसायला काय झालं होतं, सगळं नीट चाललं होतं. व्हर्जिल म्हणाला, हो ना.

मका डोक्याएवढा झाला होता तेव्हाची गोष्ट. एका दुपारी लिबीची गाडी त्याच्या अंगणात येऊन थांबली. ती आत आली नाही. पायरीशी उभी राहिली. हातात काळी, कोपरे झिजलेली पेटी होती. व्हर्जिलनं ती लगेच ओळखली. डेनीसाठी ती त्यानंच लिंकन शहराच्या बाजारातून शोधून आणली होती.

"मी माफ केलं असं समजू नका," लिबी म्हणाली. "मला अजून राग आहे. तुमच्या गाडीचं दार वाजलं तरी येतो."

"येणारच."

"पण यंत्राचं मी ऐकलं तेवढं पुरे झालं. पुढच्या मे महिन्यात मला माणसानं वाजवलेलं हवंय. वाईट चालेल. यंदा वाजवलंत तितकं वाईट नाही चालणार."

व्हर्जिल म्हणाला की त्याच्या तोंडात एकही दात त्याचा नाही, वय त्र्याऐंशी आहे, हे होण्यातलं नाही.

"ते विचारायला मी आले नाही. गुरुवारी माझ्याकडं या. चार वर्षं त्या पोराचं वाजवणं भिंतीपलीकडून मी ऐकलंय. कुठं चुकतं ते मला कळतं."

तो गुरुवारी गेला. डेनीच्या खोलीत त्यानं पाय ठेवला नाही. मागच्या ओसरीत खुर्ची मांडली होती, तिथं बसला. लिबी स्वयंपाकघरात होती, मधली खिडकी उघडी. तिनं कॉफी विचारली नाही. व्हर्जिलनं पेटी उघडली. मखमलीवर पोराच्या बोटांचे डाग अजून होते. ते वाद्य हातात घेताना त्याला इतकी शरम वाटली की क्षणभर पेटी मिटून घरी जावं असं मनात आलं.

मग त्यानं कवळी जिभेनं दाबून बसवली आणि फुंकलं. तीन सूर आले. चौथा फाटला.

खिडकीतून भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"पुन्हा," लिबी म्हणाली.