देवाच्या अंघोळीचं पाणी

नांदे गावच्या धोंडाबाईच्या डोळ्यांत धाकट्या जावेचा, मंदाचा, मनीप्लांट सलत होता. धोंडाबाईच्या लेकीनं, सायलीनं, दोघींना एकाच दिवशी सारखीच कुंडी आणून दिली होती. दुसऱ्या मजल्यावरच समोरच्या घरात मंदाची वेल खिडकीवर चढली आणि धोंडाबाईची पिवळी पडून मान टाकू लागली. रविवारी सायली येणार होती. तिनं हे बघितलं म्हणजे?

शेवटी न राहवून धोंडाबाईनं मंदाला विचारलं, "काय घालतीस गं कुंडीत?"

"काय न्हाई, आक्का. आठ-आठ दिस पाण्याचीबी याद ऱ्हात न्हाई."

धोंडाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण रोज जपायचं आणि भरभराट हिच्याकडं!

मंदानं येऊन तिच्या कुंडीत बोट खुपसलं. "आक्का, ह्यो तर चिखल हाय! रोज पाणी घालता व्हय?"

"देवाच्या अंघोळीचं हाय. मोरीत ओतू?" गुडघे धरल्यापासून धोंडाबाईनं दोन जिने उतरून अंगणातल्या तुळशीपाशी जाणं सोडलं होतं.

मंदानं वेल उपसली, काळी बुळबुळीत मुळं कात्रीनं छाटली, कुंडीच्या बुडाला भोक पाडलं आणि कोरड्या मातीत वेल पुन्हा लावली. "बोटाची दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी घाला. आन् देवाचा तांब्या दारात ठिवा, तुळशीला मी घालत जाईन."

वेल जगेल, हे धोंडाबाईला पटलं. पण आता देवाचं पाणीसुद्धा हिच्याच हातनं? दुसऱ्या दिवशी मंदाचं दार उघडायच्या आत धोंडाबाई तांब्या घेऊन, कठडा धरून एकेक पायरी उतरत होती.