घरगाडीचा एसी गळला, पाटण ऱ्हायलं

पोरींनो, नात लिवतीया, मी बोलतीया.

आमच्या मालकास्नी बसवत न्हाई. पाटणच्या म्हाताऱ्या भनीला एकदा बघायचंय, म्हणून लेकानं झोपून जायची घरगाडी बनवली.

आज निघालो, तर कुंडलची वेस वलांडायच्या आतच एसीचं पाणी मालकांच्या अंगावर गळाय लागलं.

लेक टपावर चढला. पाणी भाईर जायचं भोक त्यानंच काल सिलिकॉननं बुजवलेलं!

“आये, मला वाटलं गळती हितनंच हाय.”

“व्हय रं, उद्या मोरीबी बुजव. लष्करात पूल बांधलंस म्हणं!”

भोक मोकळं केलं, तरी भिजल्यालं छत ठिबकतच ऱ्हायलं. मालक कुडकुडत म्हणालं, “फिरव गाडी.”

तिकडं भन सकाळपास्नं दारात खुर्ची टाकून बसलीया. तिला फोन करायला माझी जीभ रेटंना. काय सांगू तिला, बायांनो?