तिरपं रबर

मास्तरीण दुकानाच्या दारातच माणूस मापून घ्यायची. "बाई, तुमचा उजवा खांदा उतरलाय. आतून पॅड लावू का?" असं पहिल्याच भेटीत तोंडावर सांगायची. गिऱ्हाईक फणकारायचं, पण कपडा अंगावर चढला की निवायचं. वडील टेलरमास्तर, त्यांच्यामागे दुकान हिनं चालवलं, म्हणून ही मास्तरीण. त्याआधी शाळेत तिला 'ड्रॉवर' म्हणत. खालचा जबडा अर्धवट ओढलेल्या खणासारखा पुढे आलेला, पुढचे दात एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. साधं बिस्कीटही तिला दाढेखाली घेऊन मोडावं लागे. चारचौघांत जेवायची वेळ आली की हिचं पोट हमखास बिघडायचं. घरीही ती सगळ्यांचं आटोपल्यावर, ओट्याकडे तोंड करून जेवायची.

चाळिशीला टेकल्यावर तिनं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी जबडा कापून मागे सरकवला, पट्ट्या-स्क्रूंनी बसवला. दातांवरच्या तारांना बारीक हुक होते. वरच्या हुकापासून खालच्या हुकापर्यंत रबरं ताणायची, एक सरळ, एक तिरपं. सूज उतरल्यावर एका सकाळी तिनं पुढच्या दातांनी बिस्कीट तोडलं. नवऱ्याला हाक मारून दुसरं तोडून दाखवलं.

"पुडा संपव आता," तो म्हणाला. "तुझ्या सोबतीनं मला पाहुण्यांसमोर चहा कोरडाच प्यायची सवय लागलीय."

पण काही महिन्यांत दात पुन्हा फाकले. हनुवटी उजवीकडे सरकली. पहिल्यापेक्षा वाईट झालं. आधी तोंड निदान सरळ तरी होतं.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा करावं लागेल. वर्षभर थांबून, फोटो काढकाढून त्यांनी तारीख दिली.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मास्तरीण वॉर्डातल्या खाटेवर बसली होती. शेजारी मोठी बहीण, पायथ्याशी नवरा.

"हौस म्हणावी की काय म्हणावं तुला," ताई म्हणाली. "एकदा हात पोळले ना? बिनबिस्किटाचं माणूस मरत नाही."

"ताई, या वेळी नीट होणार."

"कशावरून?"

मास्तरीण नवऱ्याकडे बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "कारण मागच्या वेळी बिघडवलं मीच."

तिनं सांगितलं ते असं. रबर लावून आरशात बघितलं की तिला ते तिरपं रबर खुपायचं. आयुष्यभर तिनं तिरक्या ताणानं शिवण फिरलेली पाहिली होती. एका बाजूला ओढ बसली की कापड झोळ धरणारच. म्हणून घरी ती दोन्ही रबरं सरळ लावायची. तपासणीला जाताना तेवढं एक पुन्हा तिरपं करायची.

"अगं बाई!" ताईनं कपाळाला हात लावला. "डॉक्टरांना शिवण शिकवायला निघालीस?"

नवऱ्यानं पाण्याची बाटली उगाच उघडून पुन्हा बंद केली.

"रागवा हवं तर," मास्तरीण म्हणाली. तिचा चेहरा मात्र मोकळा झाला होता. "पण चूक कळली ना? आता ते सांगतील तसं, सांगतील तिथं. उलटं लाव म्हणाले तर उलटं."

डॉक्टर आले तेव्हा तिनं त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. मग स्टूल ओढून बसले.

"रबर तुम्ही कसंही लावलं असतं तरी हेच झालं असतं. एवढ्याशा रबरात हाड फिरवायची ताकद नसते."

"पण मी सरळ लावलं होतं, डॉक्टर. सगळे दिवस."

"दोष त्याचा नाही. कानाजवळचा सांधा आतून झिजला. कुणाकुणाचा झिजतो, का ते आम्हालाही सांगता येत नाही. वर्षभर तो स्थिर आहे म्हणून उद्या करतोय."

"आणि पुन्हा झिजला तर?"

"नाही झिजणार अशी आशा आहे," ते म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

"बघ, तुझी चूक नव्हतीच," नवरा उजळून म्हणाला. "उगाच जिवाला लावून घेतलंस."

मास्तरीण भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. वर्षभर जपलेली चूक डॉक्टरांनी दोन वाक्यांत काढून घेतली होती. ती असती तर सुधारता आली असती.

ऑपरेशन झालं. या वेळी एकही रबर इकडचं तिकडे झालं नाही. पातळ पेज नळीनं ओढताना ती घड्याळाकडे बघायची आणि वेळ झाली की लगेच रबर चढवायची. दात पुन्हा भेटले. नवऱ्यानं बिस्किटांचा पुडा आणून ठेवला, पण तिनं फोडला नाही.

मग एका दुपारी दुकानात, गिऱ्हाइकाच्या मागे उभी राहून पाठीवरचा झोळ बघताना, समोरच्या मोठ्या आरशात तिला स्वतःचं तोंड दिसलं. वरच्या दोन दातांमधली फट आणि खालच्या दोन दातांमधली फट एका रेषेत नव्हती. फरक सुताएवढा. दुसऱ्या कुणाला दिसला नसता.

घरी तिनं नवऱ्याला उजेडात उभं केलं. "बघा."

त्यानं चष्मा लावून बघितलं. "सरळ आहे की. अगदी सरळ."

"नीट बघा."

"अगं, मला नाही दिसत."

"दिसेल," ती म्हणाली, आणि त्याचं ताट वाढायला आत गेली.