हंसराजच्या पानावर दुसरं नाव

मैत्रिणींनो, आज दुपारचीच गोष्ट.

आमच्या ह्यांच्या वहीत एका पानावर नेच्याच्या दोन काड्या चिकटवल्या आहेत. खाली त्यांच्या अक्षरात एकच नाव आहे, हंसराज. हे गेल्यावर मी पुस्तकं वाचून नेचे ओळखायला शिकले, पण त्या पानावर कधी शंका घेतली नाही.

आज सुलतानपूरच्या आमच्या विहिरीच्या पायऱ्यांशी तसेच दोन नेचे दिसले. शेतात तण निंदायला आलेल्या गोदामावशींना विचारलं, "दोन्ही हंसराजच ना?"

"काऊन वो, इतकी पुस्तकं वाचतं अन् हे नाई समजत तुले? डोये मिट अन् हात लाव."

लावला. एक गुळगुळीत, दुसऱ्याला बारीक लव.

"बहिणी हायेत दोघी. एक नाई."

घरी येऊन वही उघडली. जवळून पाहिलं, तर दुसऱ्या काडीवरही लव होती; खळीनं चिकटवताना ती दबून गेली होती, म्हणून ह्यांना दोन्ही सारखे वाटले असणार.

त्यांचं अक्षर मला खोडवेना. खाली लिहिलं, "दुसरा लव असलेला. ओळखला गोदामावशींनी." हे असते तर वही घेऊन आधी मावशींकडे गेले असते.

तुमच्या गावात असं बोटांनी ओळखणारं कोण आहे? त्यांचं नाव कुणी लिहून ठेवलंय का?