भिंतीतलं नवं दार

आटपाडीच्या पुढं माळावर तानुबाईची वस्ती. घर काळ्या दगडाचं, सासऱ्यानं रचलेलं. भिंती हातभर जाड, पण दारं अरुंद आणि इतकी ठेंगणी की उंच माणसाला वाकूनच आत यावं लागे. नवरा जोतीराम पोरसवदा असताना याच भिंतींचे दगड ओढ्यातनं बैलगाडीनं आणायचा. पुढं सारा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की कोकणाकडं उतरायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं.

गेल्या साली त्याच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं. दवाखान्यातनं चाकाची खुर्ची घेऊन आला तो दारातच अडला. खुर्ची चौकटीत मावेना, त्यात उंबरा गुडघ्याएवढा. भावकीतल्या दोघांनी उचलून आत ठेवला आणि मग तो आतच राहिला. अंधारात भिंतीकडं तोंड करून पडायचा. बाहेर मेंढरं सुटली की तेवढी मान हलायची.

"आये, पाड ते घर," मुलगा प्रशांत फोनवर म्हणाला. तो तिकडं तमिळनाडूत सोनं गाळायच्या धंद्यात. "स्लॅबचं बांधू."

"स्लॅबखाली उन्हाळ्यात तुझा बा भाजून निघंल," तानुबाई म्हणाली. "घर ऱ्हाईल. त्याला जोडून खोली काढायची."

तिनं खरसुंडीच्या भाऊसो गवंड्याला बोलावलं. मागच्या भिंतीत रुंद दार, पलीकडं काँक्रीटच्या खांबांची खोली, मेंढरांच्या कुंपणाकडं मोठी काचेची खिडकी, लगत संडास-न्हाणी आणि बाहेर पडायला पायऱ्यांऐवजी उतार. भाऊसोनं भिंतीवर हातोडी वाजवून बघितली.

"वैनी, आतनं नुसती माती भरलीया. फोडायला घेतली तर कुठवर ढासळंल, सांगता येत न्हाई."

"टेकू लावा. पण दार काढायचंच."

आतनं जोतीरामचा जड आवाज आला. "माझ्या बाची भिंत हाय. माझ्यासाटनं हात लावू नगा."

तानुबाई आत गेली, त्याच्या उशाशी बसली. "मग भिंतीसाटनं तुमी आतच मरणार व्हय?"

तिनं बाहेर येऊन भाऊसोला काम धरायला सांगितलं.

लिंबाखाली बाज टाकून जोतीरामला तिथं निजवलं आणि फोडाफोडी सुरू झाली. टेकू लावले होते, तरी दुपारी भिंतीचा अख्खा कोपरा धडाडून खाली आला. खाली कुणी चिरडलं नाही हेच नशीब. धुरळा बसल्यावर भाऊसोनं हातोडी खाली ठेवली.

"मी म्हणलं नव्हतं? आता सगळंच उतरवू, वैनी. कशाला जीव धोक्यात घालायचा?"

तानुबाईनं पदर खोचला आणि ढिगाऱ्यापाशी बसली. घडीव दगड एका अंगाला, चिपा दुसऱ्या अंगाला, असं निवडायला लागली. हात सोलवटले तरी थांबली नाही. भाऊसो तंबाखू मळत नुसता बघत राहिला.

"तो लांबडा," बाजेवरनं शब्द आला. जोतीराम उजवं बोट रोखून होता. "कोपऱ्याचा हाय. येगळा ठेव."

तिनं ठेवला. "आन् ह्यो?"

"ह्यो खालच्या थरातला. त्याच्या म्होरं तांबूस होता बघ."

असं बराच वेळ चाललं. शेवटी भाऊसोनं तंबाखू थुंकली आणि तोही दगड उचलू लागला.

कोपरा पुन्हा चढला, पण या खेपेला मातीऐवजी सिमेंटात. दारावर काँक्रीटची तुळई बसली. दगडाला लागून नवी पांढरी खोली उभी राहिली. भावकीतले म्हणाले, धोतरावर कोट घातल्यागत दिसतंय. तानुबाईनं ते हसण्यावारी नेलं.

खोली वाळल्यावर तिनं नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि बाजूला झाली. उजव्या हातानं चाक फिरवत, उजव्या पायानं रेटत जोतीराम दारातनं निघाला, उतारावरनं खाली गेला, थेट कुंपणाला जाऊन टेकला. एका मेंढीनं येऊन त्याचा लुळा हात हुंगला. तो तिच्याशी काय बोलला, ते तानुबाईला ऐकू आलं नाही.

परतताना मात्र चाक चढेना.

"उतार लय ताठ झालाय," तो म्हणाला. "एकट्याला जमत न्हाई."

"उद्या भाऊसोला सांगते," म्हणत तिनं खुर्चीला मागनं हात लावला.

"आत्ता नगं ढकलू. ऱ्हाऊ दे हितंच जरा."

मग तीही तिथंच, कुंपणाच्या दगडावर बसली.