वांग्याची सालं कुजतात

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. मालतीअक्का गेल्याचा फोन तिच्या मुलीने जळगावहून केला, तेव्हाही मी नुसतं "हो, हो" करत राहिलो. आमच्या कॉलनीतल्या बायका अजून वांग्याची सालं घंटागाडीत टाकतात. अक्कानेच तसं सांगितलं होतं म्हणतात...

धुळ्यात अक्काच्या आणि माझ्या घरामध्ये कमरेएवढी भिंत. तिच्या मागच्या मोकळ्या जागेत तिचा खताचा खड्डा होता. तिला खतापेक्षा कुतूहल मोठं. केळीची सालं, चहाचा चोथा, शेंगांची टरफलं, निंबाचा पाला तर कुणीही टाकतं. अक्का नारळाची शेंडी, अंड्याची कवचं, न्हाव्याकडचे केस, जुनं सुती पोलकं असलं काहीबाही पुरायची, वर काडी खोचायची आणि मधूनमधून उकरून बघायची. पोलक्याचं कापड मातीत गेलं, शिवण तेवढी उरली. तो दोरा नाचवत भिंतीशी आली. "भाऊ, दोरा पॉलिस्टरना शे! शिंपीनी फसाडं माले."

एका हिवाळ्यात माझ्याकडे भरताची पंगत होती. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली. जळकी सालं अक्काने आधीच मागून ठेवली होती. "कोयसा व्हयेल कुजस का, देखू," म्हणत ती कोळशासारखी सालं तिने खड्ड्यात पुरली. माणसं कमी आली. पातेलंभर भरीत उरलं, वर बोटभर तेल. "इतकं करू नका म्हटलं होतं," हे बायकोकडून ऐकायला लागू नये म्हणून मी ते गुपचूप खड्ड्यात ओतलं आणि वर पाला ओढला.

पुढच्या आठवड्यात घाण सुटली. कुत्र्यांनी खड्डा उकरला, लोक भांडायला आले. अक्का मात्र वाकून मुठीतली माती हुंगत होती.

"तेलना वास येस, भाऊ. वांगासले तेल लायेल व्हतं का?"

पऱ्हाट्यांवर भाजताना आम्ही वांग्याला तेल लावत नाही. तिलाही ते ठाऊक होतं. मी म्हटलं, "लावलं असेल कुणीतरी."

तिने ते खरं मानलं. खड्डा बुजवला गेला. खतात वांग्याची सालं टाकू नका, माझी चूक झाली, असं ती घरोघरी सांगत फिरली.

पुढे मुलीकडे जळगावला जाताना तिने मातीने भरलेली एक कुंडी मला दिली. शेवटचा भेटायला गेलो, तेव्हा तिने पलंगावरून विचारलं, "भाऊ, त्या सालंस्नं काय व्हयनं व्हई?" मी चहा पीत राहिलो.

परत येऊन भाजलेल्या वांग्याची सालं त्या कुंडीत घातली, वर काडी खोचली. काल उकरलं. सालांचा मागमूस नाही, काळी भुरभुरीत माती, पावसानंतर शेताला येतो तसा वास. मूठ भरून सवयीने भिंतीशी गेलो. पलीकडे आता भाडेकरूंची गाडी उभी असते...

अक्का, सालं कुजतात. खड्ड्यात भरीत मी ओतलं होतं. तुझं काही चुकलं नव्हतं. मला माफ कर.